मॉलमधलं गाणं आणि चिकटपट्टी

डिसेंबर लागला की माझ्याकडे एक ठराविक वाक्य यायला लागतं. तसं ते वर्षभरच येतं, गणपतीत येतं, दिवाळीत तर फारच, फक्त त्यातलं गाणं बदलतं. "मॅडम, इतकी वर्षं झाली तरी अमुक गाणं लागलं की मला रडू येतं, मला काही झालंय का?" एक आजोबा आरती सुरू झाली की गच्चीवर जातात कारण टाळ वाजवणारी आता घरात नाही. एका पोराला नरकचतुर्दशीला पहाटे रेडिओ लावलेला चालत नाही, आईला चालायचा म्हणून. आणि प्रत्येकाला वाटतं की असं फक्त आपल्यालाच होतं, बाकी सगळे कसे छान फराळ खातायत.

समुपदेशक म्हणून बावीस वर्षं हे ऐकतेय. तोंडी उत्तर देऊन देऊन कंटाळले म्हणून एकदा लिहूनच टाकते, आणि लिहिताना एका ताईंची गोष्ट सांगते, कारण त्यांच्यामुळे माझंच ठरलेलं उत्तर बदललं. ताईंची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. अशा लेखात खोटं नाव द्यायची पद्धत आहे पण मला ती खोटी नावं कधी सुचत नाहीत, म्हणून नुसतं ताई.

ताई वसईच्या, वय ४६, नोकरी करणाऱ्या, दोन मोठी मुलं. वसईकडची कॅथलिक मंडळी ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, ही माणसं घरात मराठीच बोलतात, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना मराठीत असते, आणि नाताळ म्हणजे त्यांची दिवाळी. दारात चांदणी, अंगणात गोठ्याचा देखावा, घरात आठवडाभर कुलकुल नि नेवऱ्या तळणं चाललेलं.

तर २०२४ च्या डिसेंबरात ताई मॉलमधे सामान घ्यायला गेल्या. ट्रॉली भरली, बिलाच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि वरच्या स्पीकरवर 'आय विल बी होम फॉर ख्रिसमस' लागलं. ताई भरलेली ट्रॉली तिथेच सोडून बाहेर आल्या, पार्किंगमधे जाऊन गाडीत बसल्या आणि पाऊण तास रडल्या. नवऱ्याने फोनवर सांगितलं, अगं सणाचे दिवस आहेत, असं रडू नये. (हे वाक्य आपल्याकडे कोण कुणाला शिकवतं मला कळत नाही, पण सगळ्या नवऱ्यांना पाठ असतं.)

"पप्पांचं आवडतं गाणं," त्या म्हणाल्या. "पप्पा २०१६ ला गेले. आठ वर्षं झाली मॅडम. मी नेटवर वाचलं, दुःखाच्या पाच स्टेजेस असतात. मी कितव्या स्टेजला अडकलेय ते सांगा."

हे पण नेहमीचं. त्या पाच पायऱ्यांनी लोकांना फार छळलंय. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ च्या पुस्तकात त्या मांडल्या, पण मुळात त्या स्वतःच्या मरणाला सामोरं जाणाऱ्या पेशंटशी बोलून मांडलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांनी पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं पास होत जायचं आणि पाचवीत सर्टिफिकेट घ्यायचं, असा त्याचा अर्थ नंतर लोकांनीच करून घेतला. मी ताईंना म्हणलं, दुःख शाळेसारखं नसतं, तुम्ही नापास वगैरे झालेल्या नाही. आणि तो 'बाहेर पडायचा' हट्टही सोडा. फ्रॉइडने १९१७ मधे लिहिलं होतं की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घ्यायचं, आणि पुढे कितीतरी वर्षं सगळे तेच शिकवत राहिले. पण १९२० मधे त्याची स्वतःची मुलगी गेली, सोफी. नऊ वर्षांनी, तिचा छत्तिसावा वाढदिवस असता त्या दिवशी, त्याने एका डॉक्टर मित्राला पत्र लिहिलं आणि त्यात कबूल केलं की ती जागा काही भरत नाही, आणि भरू नये हेच बरं. मला फ्रॉइडचं बाकी फार पटत नाही, पण ते पत्र पटतं. १९९६ मधे क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तिघांचं पुस्तक आलं, त्याचा साधा अर्थ असा की माणूस गेलं तरी नातं चालू राहतं, फक्त त्याची तऱ्हा बदलते, आणि हे आजारपण नाही. आपल्या आज्यांना हे माहीतच होतं म्हणा, त्या फोटोशी बोलायच्या आणि वर जेवायलाही वाढायच्या.

तर हे सगळं मी नेहमीप्रमाणे छान समजावलं. गाण्याचं पण सांगितलं, की साधारण दहा ते पंचविशीपर्यंत कानावर पडलेली गाणी मनात सगळ्यात घट्ट बसतात, ती लागली की त्या वेळचं घर, वास, माणसं सगळं एकदम उघडतं, त्यात डोळ्यात पाणी आलं तर उलट सगळं ठीक चाललंय असं समजा. बहुतेक लोक इथे सुटकेचा श्वास सोडतात, फी देतात आणि घरी जातात.

ताईंनी श्वास सोडला नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे दर डिसेंबरला हे होणारच. मग मॅडम, या गाण्यावर बंदीच घालायला पाहिजे." आणि हे बोलताना पर्सचा बंद त्यांनी असा आवळला की बोटं पांढरी झाली.

मला ते खटकलं. मग मी जो प्रश्न विचारला तो मी आता सगळ्यांनाच विचारते, तुम्हीही स्वतःला विचारून बघा.

"रडून झाल्यावर कसं वाटतं ताई? हलकं वाटतं का?"

"नाही."

"मग?"

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चोरी पकडल्यासारखं वाटतं."

झालं. माझं आधीचं अर्ध्या तासाचं भाषण फुकट गेलं होतं. एखाद्याची आठवण येऊन रडू आलं तर त्यानंतर माणूस नाक पुसतं, चहा टाकतं, एखादा किस्सा सांगतं. चोरी पकडल्यासारखं वाटतं तेव्हा त्या रडण्यात आठवणीबरोबर दुसरं काहीतरी असतं. आणि ते दुसरं जे असतं त्याला 'रडा, मोकळ्या व्हा' सांगून काही होत नाही, कितीही रडलं तरी ते तिथेच बसून राहतं.

रात्री घरी जाऊन मी ते गाणं ऐकलं. खरं सांगते, तोवर मला ते नुसतं एक आनंदी नाताळ गाणं वाटायचं, मॉलमधे अर्धवटच कानावर पडतं ना. ते १९४३ चं, बिंग क्रॉस्बीने गायलेलं, दुसरं महायुद्ध चालू असताना. घरापासून लांब असलेला माणूस, सैनिकच म्हणा ना, घरच्यांना सांगतोय की मी नाताळला घरी येतोय, माझी वाट बघा, तयारी करून ठेवा. बीबीसीने म्हणे तेव्हा ते वाजवायला नकार दिला होता, सैनिकांचं मन खचेल म्हणून. म्हणजे ताई म्हणतात ती बंदी कुणीतरी आधी घालून झालेली होती, मला हसूच आलं. आणि डिसेंबर १९६५ मधे जेमिनी ७ यानातल्या बोरमन आणि लव्हेल या दोन अंतराळवीरांना खालून विचारलं की कुठलं गाणं ऐकवू, तर त्यांनी हेच मागितलं. ते १८ डिसेंबरला उतरलेही, म्हणजे त्यांचं नाताळला घरी जाणं खरं झालं. सगळ्यांचं होत नाही.

पुढच्या वेळी ताईंना म्हणलं, पप्पांचं राहू दे, मला फक्त हे सांगा की हे गाणं तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलं.

आणि मग कॅसेट आली.

ताईंचे पप्पा बोटीवर होते. इंजिनरूममधे ऑइलर, म्हणजे यंत्रांचं तेलपाणी बघणारे. नऊ-दहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोन-तीन महिने घरी, मग परत साइन ऑन. वसईत, गोव्यात, कोकणात अशी घरं कितीतरी, तिथल्या बायका एकटीने पोरं वाढवतात, पावसाआधी कौलं शाकारून घेतात, आणि नवऱ्याला सगळं 'इकडे ठीक आहे' असं लिहितात. १९८९ ची गोष्ट, ताई अकरा वर्षांच्या. घरी फोन नव्हता, शेजारच्यांचा पीपी नंबर दिलेला, महिन्या-दोन महिन्यातून कधीतरी हाक यायची आणि आई हातातलं काम टाकून पळायची. पप्पा डिसेंबरात साइन ऑफ होऊन बोट सोडणार होते, म्हणजे कितीतरी वर्षांनी नाताळ घरी. ताईंनी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

नाताळच्या दोन-तीन दिवस आधी त्याच बोटीवरून सुटून आलेले एक काका घरी आले, पार्सल घेऊन. चॉकलेटं, आईला साडी, आणि एक कॅसेट. रिलीव्हर, त्यांच्या जागी येणारा माणूस, आला नाही म्हणून पप्पांचं सुटणं लांबलं होतं. कॅसेटवर पप्पांनी केबिनमधे बसून पत्र बोललेलं होतं, तेव्हा पत्रासारख्या कॅसेटी पाठवायचे लोक. आईसाठी थोडं, आजीसाठी थोडं, आणि शेवटी "आता हे माझ्या बायसाठी" म्हणून स्वतःच्या आवाजात हे गाणं.

"मग?"

"मग काय, ती कॅसेट खराब झाली. माझ्याकडून चुकून तिच्यावर रेडिओवरची गाणी टेप झाली. टू-इन-वन होता ना आमच्याकडे, रेडिओ नि टेप एकत्र, पप्पांनीच आणलेला." हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की कितीतरी वेळा सांगून झालेलं असणार. "आई अजूनही दर नाताळला विचारते, ती कॅसेट कुठे गेली गं, त्यांचा आवाज होता त्यात. मी सांगते, हरवली."

आता इथे मी जे विचारलं ते कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. मी ताईंपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, माझं सगळं कॉलेज कॅसेटी भरण्यात गेलंय. तरुण समुपदेशक असता तर त्याला हा प्रश्न सुचलाच नसता, हे मी जरा अभिमानानेच सांगते.

मी विचारलं, "पप्पांनी वरच्या खाचा मोडलेल्या नव्हत्या का?"

ज्यांनी कॅसेट वापरलेली नाही त्यांच्यासाठी: कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकची दोन छोटी पाती असायची. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर काही टेप करता यायचं नाही, रेकॉर्डचं बटण दाबलंच जायचं नाही. जपून ठेवायच्या कॅसेटची पाती लोक आठवणीने मोडायचे. आणि मोडलेल्यावर परत टेप करायचंच असेल तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायला लागायची.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता, त्याचं ते टीं टीं टीं मला अजून आठवतंय. मी काही बोलले नाही. आमच्या कामात बोलायचं कधी हे शिकायला दोन वर्षं लागतात आणि गप्प बसायला पुढची वीस. दोन मिनिटं तरी गेली असतील.

"मोडलेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी चिकटपट्टी लावली."

मग सगळं आलं. २४ तारखेची दुपार, आई नि आजी मागच्या दारी चुलीशी, नि ही अकरा वर्षांची पोर आतल्या खोलीत कंपासपेटीतली चिकटपट्टी काढून कापून नीट भोकावर बसवतेय. विविध भारती लावली, दोन्ही बटणं एकदम दाबली, आणि पप्पांच्या आवाजावर एकामागून एक फिल्मी गाणी चढताना बघत बसली. "मला माहीत होतं मॅडम मी काय करतेय. येतो म्हणून गाणं म्हणतात आणि येत नाहीत. खोटारडे आहेत असं वाटत होतं. मला ते पुसायचंच होतं." तेवढ्यात आईने मिस्साला जायच्या कपड्यांसाठी हाक मारली म्हणून कॅसेट बंद केली.

पप्पा फेब्रुवारीत आले. आल्या आल्या विचारलं, माझं गाणं ऐकलंस का गं? ही म्हणाली, हो, खूपदा. आणि पप्पा खूश झाले. ते पुढे २६ वर्षं जगले, आणि हा 'हो, खूपदा' तसाच राहिला.

आता माझं काम कुठून सुरू झालं ते सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे अशी एकेक चिकटपट्टी असणार. कुणी शेवटचा फोन उचलला नाही, कुणी हॉस्पिटलमधून आंघोळीला म्हणून घरी गेलं आणि तेवढ्यातच व्हायचं ते झालं. २०२१ च्या कोविडनंतर तर अशी माणसं रांगेने यायची, हॉस्पिटलात आत सोडलंच नव्हतं तरी 'मी गेलो नाही' म्हणणारी. आपण काय करतो, त्या एका कृत्याचा खटला भरतो, स्वतःच पोलीस, स्वतःच जज, आणि शिक्षा अशी की दरवर्षी त्या तारखेला हजेरी लावायची. मी मूळची अल्बर्ट एलिसच्या घराण्यातली (दुःखामागचा विचार आधी तपासून बघा म्हणणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ), त्यामुळे मला आधी शिक्षेचा कागद तपासायची सवय. म्हणलं, ताई, आरोपीचं वय काय?

"अकरा."

"आणि शिक्षा भोगतंय कोण?"

त्यांना हसू आलं जरासं. पण हसून सुटण्यासारखं ते नव्हतं, हे मलाही कळत होतं. 'लहान होतीस, जाऊ दे' हे त्यांनी स्वतःला हजारदा सांगून झालेलं असणार. अशा वेळी माफी देऊन भागत नाही, त्या मुलीला राग कशाचा आला होता तो नीट बघावा लागतो. बाप वर्षाचे दहा महिने नाही, बापाचा आवाज डबीतून येतो, आणि घरात सगळ्यांनी आनंदी दिसायचं कारण ते बिचारे तिकडे राबतायत आपल्यासाठी. रागवायचं कुणावर? बोटीवर? कंपनीवर? त्या पोरीच्या हाती एक कॅसेट लागली, तिने तिच्यावर काढला. रागावली कारण वाट बघत होती, आणि वाट आपण कुणाचीही बघत नाही.

हे मी बोलले आणि ते बरोबरच होतं, पण खरी गाठ सुटली ती पुढच्या वेळी, आणि ती मी सोडवली असं नाही म्हणता येणार, गाण्यानेच सोडवली.

मी त्यांना गाण्याचे शब्द कागदावर लिहून आणायला सांगितलेले. मोबाईलवर दाखवायचे नाहीत, हाताने लिहायचे. आणि म्हणलं, आता मराठीत सांगा मला, एकेक ओळ. ताई मराठी माध्यमातल्या, १९८९ मधे त्यांना त्या गाण्यातलं 'होम' आणि 'ख्रिसमस' एवढंच कळलेलं. पुढे इंग्रजी आलं, नोकरीत तर रोजचं, पण हे गाणं त्यांनी शेवटपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. लागलं की बंद, लागलं की बाहेर.

त्या सांगायला लागल्या. मी नाताळला घरी येईन, तुम्ही धरून चाला. बर्फ असू दे, झाडावर भेटी असू देत. आदल्या रात्री मी तिथे असेन जिथे मायेचा दिवा आहे. मी नाताळला घरी येईन...

आणि शेवटच्या ओळीवर अडखळल्या.

कागद वळवून बघितला, मागे काही आहे का म्हणून. काही नव्हतं. मग हळू म्हणाल्या, "निदान स्वप्नात तरी."

मी गप्प.

"मॅडम, हा येत नाहीये."

"नाही."

"याला माहीतच आहे की आपण जाणार नाही." मग बऱ्याच वेळाने, "पप्पांना माहीत होतं. रिलीव्हर आला नाही हे कळल्यावर भरलीय ती कॅसेट. म्हणजे ते मला येतो म्हणून सांगत नव्हते. येत नाहीये हे सांगत होते. सरळ सांगवेना म्हणून गाण्यात."

पस्तीस वर्षं जे खोटं वचन म्हणून मनात ठेवलं होतं ते वचन नव्हतंच, तो एका ऑइलर बापाचा निरोप होता, ज्याला मुलीला 'नाही जमत गं' म्हणायला तोंड नव्हतं. ताई रडल्या, चांगल्या पंधरा मिनिटं रडल्या, आणि थांबल्यावर मी मुद्दाम परत तोच प्रश्न विचारला. कसं वाटतंय?

"भूक लागलीय," त्या म्हणाल्या.

माझ्या आजवरच्या कामातली जी पाच-सहा वाक्यं मी जपून ठेवलीयत त्यातलं हे एक.

आता जरा कामाचं बोलते. गाणं टाळू नका. टाळण्याने ते मोठं होत जातं, आधी मॉल टाळता, मग डिसेंबरातली लग्नं टाळता, मग नाताळच नको होतो. उलट स्वतः ठरवून ऐका, आपल्या वेळेला, आपल्या घरात, दार लावून, आणि पूर्ण ऐका, शेवटच्या ओळीसकट. पहिल्यांदा एकटीने जड वाटत असेल तर ज्याच्यासमोर रडायला लाज वाटत नाही असं एक माणूस बरोबर घ्या. आणि घरातल्यांना सांगून ठेवा की मी रडले तर मला समजवायला येऊ नका, पाणी द्या आणि बाजूला बसा, बास. सणाच्या दिवशी रडलं की अशुभ हे कुणी सांगितलं? कितीतरी चर्चमधे परदेशात नाताळच्या आधी एक वेगळी प्रार्थनाच ठेवतात, ज्यांच्या घरात कुणी गेलंय त्यांच्यासाठी, झगमगाट नसलेली. आपल्याकडेही हे करायला काय हरकत आहे.

पण एक फरक ओळखा. गाणं लागल्यावर येणारं रडू वेगळं आणि वर्ष उलटून गेल्यावरही जवळजवळ रोज, दिवसभर तीच ओढ, कामात लक्ष नाही, माणसं नकोशी, आपण जगून काय उपयोग असे विचार, हे वेगळं. दुसऱ्याला २०२२ पासून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या यादीतही स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत, तिथे लेख वाचत बसू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

आणि अजून एक, हे समुपदेशन नाही पण सांगते. ज्यांचे आई-वडील आहेत त्यांनी आजच त्यांचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज कुठेतरी वेगळे सेव्ह करून ठेवा. 'पोचलास का रे, जेवलास का' एवढंच असलं तरी. फोन बदलताना ते उडाले म्हणून रडत आलेली माणसं मी पाहिलीयत, आणि त्यांना देण्यासारखं माझ्याकडे खरंच काही नसतं.

ताईंकडे परत येते. मी विचारलेलं, ती कॅसेट फेकलीत का? तर नाही! लग्नात सासरी बरोबर नेलेली, घर बदललं तेव्हा बदललेल्या घरात नेलेली, कपाटात साड्यांच्या खाली, चिकटपट्टीसकट. पिवळी पडलेली. पुसून टाकली म्हणणारी बाई ती पस्तीस वर्षं सांभाळत होती. मी म्हणलं, ऐकलीत का कधी? नाही. प्लेयरच कुठे आहे आता.

त्यांच्या मुलाने एक जुना टेप रिपेअर करणारा माणूस शोधून काढला. त्याने सांगितलं तशीच लावू नका, टेप तुटेल, मग आतला स्पंजचा तुकडा बदलला, हेड साफ केलं, आणि मोबाईलवर घेता येईल अशी फाइल करून दिली. ताईंनी ती ऐकली नाही. म्हणाल्या, आईबरोबर ऐकेन. मी म्हणलं, आईला काय सांगणार? म्हणाल्या, जे झालं ते.

जानेवारीत आल्या तेव्हा सांगितलं. नाताळच्या दिवशी दुपारची जेवणं झाली, पाहुणे गेले, आई ७७ वर्षांची, व्हरांड्यात खुर्चीवर. ताईंनी सगळं सांगून टाकलं, हरवली नव्हती, मी पुसलीवती, मुद्दाम, चिकटपट्टी लावून. आई काही बोलली नाही. म्हणाली, "बरं, लाव तर."

स्पीकर चालू होता तरी आईने मोबाईल कानाला लावला. शेजारच्यांकडे पीपी फोन आला की धरायची तसा, दोन्ही हातांनी. विविध भारतीची गाणी सुरू झाली. एक झालं, दोन झाली, निवेदक काहीतरी बोलला, मधेच खरखर. ताई म्हणाल्या, मॅडम त्या पंचवीस-सव्वीस मिनिटांत मी किती म्हातारी झाले सांगू. मग एका गाण्याच्या मधेच खट्ट आवाज आला, आणि लगेच मागे पंख्यासारखी घरघर, बोटीचीच असणार, आणि एक पुरुष घसा खाकरून एक ओळ गुणगुणला, शेवटची अर्धीच, आणि मग म्हणाला, "संपत आली वाटतं टेप. बाय, झोप आता. आईला त्रास देऊ नको."

बास, एवढंच राहिलेलं.

आईने मोबाईल कानावरून काढला नाही. म्हणाली, "सर्दी झालेली वाटतं त्यांना."

ताई काही बोलूच शकल्या नाहीत.

"परत लाव," आई म्हणाली. ताई ते शेवटचं शोधायला लागल्या तर तिने हात धरला. "तिथून नको, पहिल्यापासून लाव. गाणी पण छान टेप केलीयस की."